कव्हर काढ की

गोष्ट एवढीच. अप्पा म्हणाले, "कव्हर काढ की," आणि भाच्याचा हात जरासा थांबला. जरासा म्हणजे घास उचलताना आतून कुणी हाक मारली तर थांबतो, तेवढाच. पण तेवढ्यात त्याची नजर अप्पांच्या हातांवर जाऊन आली. मग त्याने कव्हर काढलं, फोन पुढे केला, चहा आला, आई काहीतरी बोलली, सगळे हसले. कुणाच्या काही लक्षातही आलं नसेल. माझ्या मात्र आलं, आणि पुढचे दोन दिवस ते कुसळासारखं टोचत राहिलं.

भाचा बेंगळुरात नोकरीला. दसऱ्यासाठी सोमवारी दुपारच्या वंदे भारतने निघाला आणि रात्री उशिरा बेळगावात, अनगोळला घरी पोचला. मंगळवारी पहाटे नवरात्रातल्या दुर्गामाता दौडीला गेला आणि साडेसातला भगवा फेटा गळ्यात अडकवून, पायाला चिखल घेऊन परत आला. ओसरीत बसल्या बसल्या त्याने खिशातून फोन काढून माझ्या आईच्या हातात ठेवला. आयफोन १७ प्रो, नारिंगी. २०२५च्या ९ सप्टेंबरला जगाला दाखवला, १९ला दुकानात आला, आणि महिना संपायच्या आत आमच्या ओसरीत. किंमत तेव्हा १,३४,९०० रुपये. अर्थात हप्त्यांवर. हा आकडा आईला सांगायचा नाही असं त्याचं आणि माझं आधीच ठरलं होतं. आईला तो आमच्या आधी माहीत होता.

रंगाला कंपनीने काहीतरी अंतराळातलं नाव दिलंय. ते आमच्याकडे अर्धा दिवससुद्धा टिकलं नाही. दौडीतल्या पोरांनी फोन बघितल्या बघितल्या "भगवा आला रे" म्हणून आरोळी ठोकली, फेट्याशेजारी धरून फोटो काढले, रंग तंतोतंत जुळतो की थोडा तांबूस आहे यावर वाद घातला. बेंगळुरातले त्याचे कन्नड मित्र त्याच फोनला केसरी म्हणतात म्हणे. आमच्या गावात रंग हा नुसता रंग नसतोच. पाटीवर कुठली अक्षरं किती मोठी, कुठला झेंडा कुठल्या चौकात, हे मोजत मोजतच आम्ही लहानाचे मोठे झालो. तरीही तीन रंगांत आलेल्या या फोनचा हाच रंग गावाने आपला म्हणावा आणि उरलेल्या दोन रंगांचं नावही कुणाला ठाऊक नसावं, याचं मला हसू आलं. काळा रंग यंदा काढलेलाच नाही हे कळल्यावर समोरच्या काकू म्हणाल्या, "बरं झालं, नवीन वस्तू काळी कशाला?"

आईने चष्मा लावला, फोन उलटा केला आणि म्हणाली, "ह्याला कट्टा बांधलाय की रे." कॅमेऱ्यांचा तो उंचवटा यंदा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा गेलाय. कंपनी त्याला पठार म्हणते. आईने ते पठार आमच्या गल्लीत आणून मारुतीच्या देवळासमोर ठेवून दिलं. आता मला त्या फोनवर तीन कॅमेरे दिसतच नाहीत, कट्ट्यावर बसलेले तीन म्हातारे दिसतात.

अप्पा तोवर बोलले नव्हते. पेपर बाजूला ठेवून ते नुसते बघत होते. मग ते वाक्य आलं. "कव्हर काढ की. डबी बघू का दागिना बघू?"

त्या हातांबद्दल सांगायला हवं. अडतीस वर्षं लेथवर गेलेले हात आहेत ते. उद्यमबागच्या एका वर्कशॉपमध्ये अप्पा टर्नर होते, लेथवर धातू कातायचे. डाव्या तर्जनीचं टोक थोडं कमी आहे. तळव्यावरच्या रेषांमध्ये काळं बसलंय, ते निवृत्तीनंतर बारा वर्षांनीही गेलेलं नाही. ती घाण नव्हे. गोंदण जसं कातडीत उतरतं, तसं कास्टिंगचं ते काळं उतरलंय. अंगठ्याची कातडी इतकी निबर की आई गरम तवा सरकवायला अजून त्यांनाच हाक मारते. भाच्याने बघितले ते हे हात. आणि तो हात का थांबला हे मला त्याच क्षणी कळलं, कारण तसाच एक हात पूर्वी माझाही थांबला होता.

२००१ साली आमच्या घरी कॉम्प्युटर आला. जुनाच, टिळकवाडीतल्या एका ओळखीच्या माणसाकडून घेतलेला, पण आमच्या घरातला पहिला. मी कॉलेजात होते. पांढरा कीबोर्ड, त्यावर आईने स्वतः शिवलेला फुलाफुलांचा अभ्रा. अप्पा कामावरून आले, डबा ठेवला, सरळ टेबलापाशी येऊन वाकले आणि एक बोट पुढे केलं. मी म्हणाले, "अप्पा, हात धुऊन या ना." चिडून नव्हे, सहज म्हणाले. ते मागे न्हाणीत गेले. साबण आणि लाकडाचा भुसा घेऊन हात धुण्याची त्यांची एक पद्धत होती, तिचा खसखस आवाज यायचा. त्या दिवशी तो बराच वेळ येत राहिला. मग ते बाहेर आले, पंच्याला हात पुसले, आणि दारातल्या खुर्चीवर जाऊन बसले. कीबोर्डला काही त्यांनी हात लावला नाही. मीही "या ना आता" असं म्हणाले नाही. आमच्यात यावर कधी बोलणं झालं नाही. होणारही नाही.

अप्पांनी कव्हर काढलेला फोन हातात घेतला तेव्हा पहिली गोष्ट मला दिसली ती ही, की त्यांनी पडद्याकडे बघितलंच नाही. आपण फोन घेतो तो तोंडासमोर. त्यांनी तो आडवा तळव्यावर घेतला, जरासा उचलून वजन बघितलं, आणि मग कड डोळ्यांच्या रेषेत आणून खिडकीच्या उजेडात धरली. जॉब, म्हणजे मशिनवर घडवलेला तुकडा, असाच बघतात. कडेवर उजेडाची एक रेघ पडते, ती वाकडी झाली की समजायचं काम बसलेलं नाही. रेघ सरळ होती. मग अंगठ्याने कोपरे चाचपले, नखाने नव्हे, अंगठ्याच्या मऊ भागाने. (मऊ म्हणजे त्यातल्या त्यात मऊ.) शेवटी फोन नाकाजवळ नेला आणि वास घेतला. भाचा बघतच राहिला.

"ॲल्युमिनियम हाय," अप्पा म्हणाले.

भाचा जरा खट्टू झाला. या फोनवर लोकांचा मुख्य राग याचाच होता ना. आधीच्या दोन वर्षांचे प्रो फोन टायटॅनियमचे होते. टायटॅनियम म्हटलं की विमान आणि रॉकेट. ॲल्युमिनियम म्हटलं की गणपत गल्लीत टांगलेली पातेली. समोरच्या काकूंनी तर तोंडावरच विचारलं, "एवढे पैसे घालून ॲल्युमिनियम?" भाचा सांगायला लागला की साधं नाही, ७००० सिरीजचं आहे, विमानाला वापरतात ते, तापवून दाबून घडवलेलं आहे, सगळी चौकट एकसंध. त्याचा आवाज हळूहळू सेल्समनसारखा होत गेला. काकू पदराला हात पुसत, मान हलवत निघून गेल्या.

अप्पांनी त्याची बाजू घेतली, पण ती भलत्याच दिशेने. "टायटॅनियम चांगलं न्हाई कोण म्हणतंय? पण ते गरम धरून बसतंय." त्यांच्या वर्कशॉपमध्ये एकदा कुणीतरी टायटॅनियमचा रॉड आणून दिला होता. कापायला घेतला तर उष्णता ना रॉडमध्ये जाईना ना कापून निघणाऱ्या किसाबरोबर बाहेर पडेना, सगळी येऊन बसली टूलच्या टोकावर. टूलची कापणारी टोकं, दोन इन्सर्ट, जळले. मालक कपाळाला हात लावून बसला. "ॲल्युमिनियमला दे चटका, ह्या टोकाचा त्या टोकाला लगेच समजतंय. चुलीवरचं पातेलं बघ की." भाच्याने माझ्या फोनवर शोधून बघितलं. कंपनीही तेच सांगत होती, की नव्या चौकटीतून उष्णता टायटॅनियमच्या जवळजवळ वीसपट वेगाने वाहते. फोनमधली चिप तापते, खेळताना, व्हिडिओ काढताना. ती उष्णता कुठेतरी जायला हवी, म्हणून टायटॅनियम सोडलं. शिवाय आत एक चपटी बंद पोकळी बसवलीय, तिच्यात थेंबभर शुद्ध पाणी. चिपपाशी त्याची वाफ होते, वाफ थंड जागी जाऊन परत पाणी होते, आणि पाणी फिरून चिपपाशी येतं.

"म्हणजे आत पाणी हाय?" आईने विचारलं.

"हाय की गं आज्जी."

"आणि पावसात भिजू नये म्हणून रात्री प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलास ते?"

ॲल्युमिनियमचं आमच्या गावाला अप्रूप नाही ते एका अर्थी बरोबरच आहे. ते आमच्या दारातूनच गेलंय. यमनापूरच्या कारखान्याला आम्ही अजून इंडालच म्हणतो, मालकी हिंडाल्कोकडे जाऊन किती वर्षं झाली तरी. चंदगड आणि राधानगरीच्या डोंगरातलं बॉक्साइट भरून लाल धुळीने माखलेले ट्रक यायचे. लहानपणी मामाकडे जाताना एसटीच्या खिडकीत बसलं की दातांत ती धूळ करकरायची. माती तांबडी, तिच्यातून निघणारी अल्युमिना मात्र मिठासारखी पांढरी, आणि मागे उरणारा चिखल पुन्हा रक्तासारखा लाल. साधारण चार किलो बॉक्साइटमधून दोन किलो अल्युमिना आणि त्यातून एक किलो धातू. शेवटच्या टप्प्याला त्या एका किलोमागे तेरा ते पंधरा युनिट वीज लागते. बेळगावात तो शेवटचा टप्पाही व्हायचा, पुढे विजेच्या प्रश्नापायी ती बाजू बंद पडली. अप्पांचे एक दोस्त तिथे होते. ते म्हणायचे, धातू काढायच्या भांड्यांच्या त्या हॉलमध्ये घड्याळ घालून गेलं की बंद पडायचं, इतका करंट असायचा. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आत्ते, मग हा फोन बेळगावचाच म्हण की." तसं काही नाही. यंदाचे चारही आयफोन सुरुवातीपासून भारतातही जोडले गेले, बेंगळुराजवळ देवनहळ्ळीला आणि तमिळनाडूकडे. धातू कुठल्या डोंगरातला हे कोण सांगणार?

मग अप्पा उठले आणि आतून जाडी मोजायचा व्हर्निअर घेऊन आले.

तो व्हर्निअर म्हणजे आमच्या घरातला दागिना. लाकडी पेटी, आत मखमल, मखमलीत तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं ते हत्यार. लहानपणी आम्हा भावंडांना ती पेटी उघडायची सक्त मनाई होती. एकदा मी गुपचूप तो काढून पेन्सिलीची जाडी मोजत बसले होते, तर अप्पांनी हातातून काढून घेतला, आणि आधी माझ्या बोटांकडे बघितलं. "घामट हात लावू नको. गंज धरतंय." हे मी विसरलेच होते. परवा पेटी उघडताना तेलाचा वास आला आणि ते डोळ्यांपुढे आलं. आमच्या घरात वस्तूंआधी हातांकडे बघण्याची पद्धत मी सुरू केलेली नाही, भाच्याने तर नाहीच. हे आठवून मला बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरलेलं नाही.

त्यांनी जबडे फोनच्या दोन्ही बाजूंना इतके हलके आणून टेकवले की भाच्याला आपला श्वास धरून ठेवल्याचं नंतर कळलं. चष्मा कपाळावर, डोळा मापाच्या रेघांना लावलेला. "आठ चौऱ्याहत्तर. न्हाई तर शहात्तर." भाच्याने बघितलं. कंपनीची जाडी ८.७५ मिलिमीटर. "चुकलास आज्जा, पंचाहत्तर हाय." अप्पा हसले. वर्षभरात इतके मोकळे हसलेले मी बघितले नव्हते. "माझ्या व्हर्निअरला पंचाहत्तर दिसतच न्हाई रे. दोन-दोननं चालतंय ते. चौऱ्याहत्तर आणि शहात्तर दोन्ही रेघा सारख्याच जुळल्या, म्हणजे मधलं असणार." आणि व्हर्निअर पुसत पुसत म्हणाले, "बरोबर हाय." अप्पांच्या शब्दकोशात याच्या वरची दाद नाही. माझ्या दहावीच्या निकालालाही एवढंच मिळालं होतं.

अप्पांनी आयुष्यभर केलं ते काम कुणाला दिसलं नाही. हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल. करंगळीएवढी एक पोलादी दांडी, तिला खाचा, आणि ती ज्या भोकात सरकायची त्या भोकाशी तिचं अंतर पाच-दहा मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन. म्हणजे केस उभा सात-आठ ठिकाणी चिरला तर त्यातली एक फाक जेवढी, तेवढी फट. जास्त झाली तर तेल गळतं, कमी झाली तर दांडी अडकते. शेवटचं ग्राइंडिंग दुसऱ्या मशिनवर व्हायचं, पण अप्पांनी मागे ठेवलेल्या मालावरच सगळं अवलंबून. ती दांडी मग काळ्याभोर व्हॉल्व्हच्या पोटात जायची, व्हॉल्व्ह कुठल्यातरी क्रेनच्या, उसाच्या ट्रॉलीच्या पोटात, आणि तिथे अंधारात, तेलात, वर्षानुवर्षं पुढे-मागे होत राहायची. तिचा रंग कुणाला आवडायचा प्रश्नच नव्हता. अप्पांचा पहिला मोबाइल नोकियाचा ११००, आणि त्यातलं त्यांना आवडलेलं एकच, टॉर्च. बोअरच्या, म्हणजे भोकाच्या, आत फिनिश कसं आलंय ते बघायला. फोन येतो-जातो हे त्यांच्या लेखी जादा होतं.

त्या दिवशी ते भाच्याला रंगाबद्दल सांगत बसले. त्याला वाटत होतं हा पेंट आहे. "पेंट न्हाई रे. हे ॲनोडायझिंग." ॲसिडच्या टाकीत ॲल्युमिनियम सोडून करंट दिला की धातूच्याच अंगातून एक कडक साय उगवते. त्या सायीला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात, मधाच्या पोळ्यासारखी. त्या भोकांत रंग भरायचा आणि मग उकळत्या पाण्यात घालून तोंडं बंद करून टाकायची. "एकदा तोंड बंद झालं की तेल लाव, हळद लाव, काय बी लाव. पुसलं की गेलं. आत शिरायला जागाच न्हाई." मग त्यांचा अंगठा त्या कट्ट्याच्या कडेवर गेला आणि तिथेच थांबला. पहिल्या आठवड्यात जगभरचे लोक दुकानांतल्या नमुना फोनांची नेमकी हीच कड मोठी करकरून बघत होते, वाद घालत होते. अप्पांनी त्यातलं काही वाचलेलं नव्हतं. "साय सरळ वर उगवती," त्यांनी दोन बोटं काटकोनात धरून दाखवली, "ह्या बाजूची हिकडं, त्या बाजूची तिकडं. धारदार कोपऱ्यावर मधी फट ऱ्हाती. हितं रेडियस मारायला, कोपरा गोल करायला पायजे होता. दिसायला धार चांगली दिसती म्हणून ठेवली असंल." जरा थांबून म्हणाले, "ड्रॉइंगवाल्याचं आणि मशिनवाल्याचं भांडण सगळीकडं सारखंच."

मग पाठीमागच्या काचेचा विषय निघाला. धातूच्या मधोमध काचेचा तुकडा कशाला, हे अप्पांना पटेना. भाच्याने सांगितलं की वायर न लावता चार्ज करायचं तर धातू आड येतो, म्हणून तेवढी खिडकी. हे त्यांना एकदम पटलं. तोवर वाजले दहा.

भाच्याने फोन परत घेतला आणि पुन्हा कव्हरात घातला. पारदर्शक कव्हर. रंग दिसला पाहिजे, पण हवा लागता कामा नये. दोन महिन्यांत ते पिवळं पडणार आणि भगव्याचा रंग कुठल्यातरी कडू औषधासारखा दिसणार. आपण सगळे असेच. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकमध्ये, स्कूटरच्या सीटवरचं कारखान्यातलं प्लॅस्टिक फाटेपर्यंत तसंच, सोफ्यावर चादर आणि चादरीवर पाहुणे आले की दुसरी चादर. मी त्याला हसणार होते. पण तेलाच्या फडक्यातला व्हर्निअर अजून टेबलावरच होता.

दोन दिवस मला एकच टोचत होतं. अप्पांना तो थांबलेला हात दिसला होता का? मापात केसाचा सातवा भाग सोडत नाही त्या माणसाला? आणि २००१ साली माझं ते "ना"? नसेलच दिसलं, असं मी रात्री ठरवायची, आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून.

बुधवारी खंडेनवमी. उद्यमबागेत त्या दिवशी मशिनांना झेंडूच्या माळा असतात, दारोदारी कोहळे फुटलेले. आमच्याकडे पाटावर अप्पांची हत्यारं मांडतात. मायक्रोमीटर, दोन फायली, सेंटर पंच, मूठ झिजलेला हातोडा, आणि पेटीतून काढलेला व्हर्निअर. आई विळी ठेवते. मी शाळेत शिकवते, म्हणून माझा लाल पेन. भाचा लॅपटॉप आणतो, दरवर्षीचं आहे ते. यंदा त्याने लॅपटॉप ठेवला, मग थोडा घुटमळला, आणि फोन काढला. कव्हर उतरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. फोन त्याने व्हर्निअरच्या शेजारी, पाठ वर करून ठेवला आणि कव्हर पाटाच्या बाहेर जमिनीवर टाकलं. झेंडूच्या पाकळ्यांत तो फोन खरोखर शोधावा लागत होता.

अप्पांनी ओल्या बोटाने एकेका हत्याराला हळदकुंकू लावायला घेतलं. मायक्रोमीटर. फायली. हातोडा. व्हर्निअर. बोट फोनपाशी आलं. भाचा मांडी घालून बसला होता, दोन्ही हात मांडीवर, आणि यावेळी तो हलला नाही, अगदी काही नाही. अप्पांनी त्याच्याकडे बघितलं. मग वाकून जमिनीवरचं ते कव्हर उचललं, फोनच्या बाजूला पाटावर ठेवलं, आणि कुंकवाचं बोट त्यावर टेकवलं.

"फोनला नको," ते म्हणाले. "डाग पडंल."